सोडलेल्या महाराजांच्या फोटोचं काय करायचं?

नीरगाठ | रविवार, स. ११:२०

प्रश्न छोटा आहे, पाल्हाळ मोठं आहे. कंटाळा आला तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा.

मी १७ वर्षं एका महाराजांच्या सत्संगात होते. नाव लिहीत नाही, ज्यांना कळेल त्यांनी पोटात ठेवा. जमिनीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि चॅनेलवाल्यांनी आठवडाभर दळण घातलं, त्यामुळे कानावर आलं असेलच. आमचं आयुष्य मात्र चॅनेलवर दाखवतात तसं नव्हतं. गुरुवारी आरती, रविवारी सेवा, वर्षातून दोनदा आश्रमाची बस, बसमध्ये पुलाव आणि भजनाच्या भेंड्या. मी पतपेढीत असल्याने आमच्या भांडुप शाखेची हिशोबाची वही माझ्याकडे.

सोडलं ते नारळावरून. हसा खुशाल. २०२२ च्या मार्गशीर्षात एका गुरुवारी रांगेत उभं राहून लेक कंटाळली (तेव्हा दुसरीत होती) आणि माझ्या पर्समधल्या मार्करने तिने नारळाच्या पोटावर मांजर काढलं. एका बाजूला तीन मिशा, दुसऱ्या बाजूला दोन. नारळ महाराजांच्या पादुकांपुढे गेला. तीन आठवड्यांनी बाहेरच्या स्टॉलवर ४० रुपये देऊन नारळ घेतला तर ही केवढ्याने ओरडली, "आई, माझं मांजर!"

मी शाखेच्या दादांना एवढंच विचारलं, की स्टॉलचे पैसे कुठे जमा होतात, माझ्या वहीत तर नाहीत. दादा म्हणाले, "ताई, प्रश्न पडायला लागले की समजायचं, पुण्याई सरत आली." पुढच्या रविवारी वही दुसऱ्या बाईंकडे गेली. महिन्याभरात आरतीनंतर सूचना झाली, की ज्यांची श्रद्धा ढळली आहे त्यांच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नये. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळ्या बायकांनी माना वळवून माझ्याकडेच पाहिलं. तेव्हापासून माझ्या मजल्यावरची १२ वर्षांपासूनची मैत्रीण मला टाळायला लिफ्ट सोडून जिन्याने जाते. पाचवा मजला आहे हो, आणि तिचे गुडघे आधीच गेलेत.

तर प्रश्न. हॉलमध्ये टीव्हीच्या वर महाराजांचा दोन बाय तीनचा फोटो आहे, सोनेरी फ्रेम. तो बघवत नाही आणि फेकवतही नाही. नवरा म्हणतो माळ्यावर टाक. लोक काय करतात अशा फोटोंचं?

खारेशेंगदाणे | स. ११:३४

मांजर नशीबवान. पादुकांपर्यंत पोचून परत आलं.

दादरचा_कबुतर | स. ११:४१

१७ वर्षं मेंढरासारखं जगायचं आणि मग धागा काढायचा. सगळे बाबा सारखेच. फोटो भंगारात द्या, विषय संपला.

मालवणी_काकू | स. ११:५८

कबुतर, जरा दमाने घ्या. आमच्या परळच्या चाळीत अशा फोटोंच्या मागे चिमण्या घरटी करायच्या. फोटो भिंतीला तिरका टांगलेला असायचा ना, वरच्या बाजूने पुढे झुकलेला, त्या फटीत. पिल्लं असेपर्यंत फोटोला हात लावायचा नाही, असा आजीचा नियम. कुठल्याशा साधूचा एक फोटो होता, आजोबांचा त्याच्यावरचा विश्वास कधीच उडाला होता. चिमण्यांमुळे तो आणखी सहा वर्षं टिकला.

नीरगाठ, वडाखाली-पिंपळाखाली नेऊन ठेवू नका एवढं सांगते. आमच्या नाक्यावरच्या पारावर आता झाडापेक्षा फोटोच जास्त झालेत.

त्रिकोणी_लाडू | दु. १२:१०

कामाचं लिहितो. फ्रेमवाल्याकडे न्या, तो पाठीमागचे खिळे काढून काच आणि पट्ट्या वेगळ्या करून देतो. काच तुम्हाला नको असेल तर तोच ठेवून घेतो. प्लायवूड भंगारात. राहिला कागद. तो बादलीत रात्रभर भिजवा, लगदा होतो, कुंडीत घाला. लॅमिनेट केलेला असेल तर मात्र भिजणार नाही. मी आमच्या तीन फोटोंचं असंच केलं. मोगरा बरा आलाय.

खारेशेंगदाणे | दु. १२:१४

महाराज अखेर कुणाच्या तरी कामी आले!

चाफेकळी | दु. १२:४५

मी स्वतः एका परिवारात आहे, २२ वर्षं. वेगळा परिवार. धागा वाचून वाईट वाटलं, पण एक बाजू कोणीच मांडत नाही म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याची दारू तिथे सुटली. डॉक्टर झाले, औषधं झाली, माहेरची माणसं समजावून थकली, कशाने सुटली नव्हती. रोज संध्याकाळी साडेसातला चार माणसं घरी येऊन त्याला सेवेला घेऊन जायची, तीन महिने, एकही दिवस न चुकता. गुत्त्याची वेळ टळायची. चमत्कार म्हणा, नाहीतर म्हणू नका.

आणि नारळ कुठल्या देवळाबाहेर फिरत नाहीत? त्यासाठी १७ वर्षं सोडायची?

नीरगाठ | दु. १:२०

चाफेकळीताई, तुमचं पटतं, अगदी मनापासून. माझी बाळंतपणाची १५ दिवसांची पोळी-भाजी सत्संगातल्या बायकांनीच दिली. सासूबाई गावी होत्या आणि आईचा हात मोडला होता. ते मी विसरले असते तर हा फोटो कधीच खाली आला असता.

नारळासाठी नाही सोडलं. नारळ सगळीकडे फिरतात हे मलाही माहीत होतं. "हो ताई, फिरतात, त्या पैशातून शाखेचं वीजबिल भरतो" असं दादा म्हणाले असते तर मीच वहीत तो रकाना आखून दिला असता. उत्तराऐवजी मला माझी पुण्याई मोजून मिळाली.

गिरगावकर_जुना | दु. २:०५

जेवण झालं, आता सावकाश लिहितो.

माझा आतेभाऊ रजनीशांचा, म्हणजे पुढे ओशो झाले त्यांचा, संन्यासी होता. आज तो ७६ चा आहे. त्याची परवानगी घेऊन लिहितोय, म्हणाला, "लिही, पण माझी थट्टा मीच करीन."

१९७४ च्या मार्चमध्ये पुण्याला कोरेगाव पार्कात जाईपर्यंत रजनीश इथेच मुंबईत असत, पेडर रोडच्या वुडलँड्स इमारतीत. त्याआधी १९६८ मध्ये भारतीय विद्या भवनातल्या त्यांच्या व्याख्यानांवरून मोठा गदारोळ झाला होता. आतेभाऊ १९७२ मध्ये दीक्षा घेऊन आला. भगवा झगा, १०८ मण्यांची माळ, लॉकेटमध्ये गुरूंचा फोटो आणि नवीन नाव. आत्याने त्याच्या हातून पाणी घेणं सोडलं, आणि खाली वाणी त्याला उधार देईना, कारण संन्याशाला उधार द्यायचं म्हणजे वसुली कुठून करायची?

सकाळी सहाला तो सक्रिय ध्यान करायचा. एक तासाचं असतं. १० मिनिटं वेडावाकडा श्वास, १० मिनिटं रडणं-ओरडणं-हसणं, १० मिनिटं हात वर करून उड्या मारत "हू! हू! हू!", मग १५ मिनिटं जागच्या जागी थिजून उभं राहायचं आणि १५ मिनिटं नाच. दहा बाय बाराच्या खोलीत, दुसऱ्या मजल्यावर, लाकडी तक्तपोशीवर! खालचे बिऱ्हाडकरू झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे. पुढे पुढे त्यांनी त्यावरच घड्याळ लावलं. "हू" सुरू झालं की दूध तापवायला ठेवायचं.

बँकेतली नोकरी सोडून तो १९८२ मध्ये अमेरिकेत ओरेगनच्या वसाहतीत गेला. ६४,००० एकरांचं रान. तिथे त्याने तीन वर्षं भांडी घासली आणि टोमॅटो लावले. १९८४ मध्ये त्याच काउंटीतल्या द डॅल्स गावात हॉटेलांच्या सॅलडमध्ये जंतू कालवून ७५१ माणसं आजारी पाडली गेली, निवडणुकीत विरोधी मतं कमी व्हावीत म्हणून. रजनीशांची सचिव शीलाबाई आणि तिच्या गटाचं ते काम. याला ते वर्षभराने कळलं, तेही टीव्हीवर. "मी ज्या भांड्यात घासणी फिरवत होतो तिथून चार इमारती पलीकडे हे शिजत होतं," म्हणतो.

आता नीरगाठताईंच्या प्रश्नाशी जोडणारा भाग. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये शीला पळाल्यावर खुद्द रजनीशांनीच जाहीर केलं, की लाल कपडे आणि माळ यांची आता गरज नाही. तिथे काही जण टाळ्या पिटत होते, काही ढसाढसा रडत होते. आतेभावाने माळ काढली आणि त्याला मानेला गार वारा लागला. १३ वर्षांत पहिल्यांदा. तेवढंच त्याला आठवतं. त्याच हिवाळ्यात परत आला. वय ३७, ना नोकरी ना फंड, आणि अंगावर कुणीतरी दिलेलं फिरोजी रंगाचं जाकीट.

साबुदाणा | दु. २:१९

काका, पुढे? असं मध्येच थांबू नका.

दादरचा_कबुतर | दु. २:२२

९३ रोल्स रॉइस विसरलात का काका?

गिरगावकर_जुना | दु. २:५०

विसरलो नाही. रोज दुपारी गुरूंची गाडी जायची तेव्हा रस्त्याच्या कडेला हात जोडून तोही उभा असे. "९३ पैकी एकीतही बसलो नाही, पण धुतल्या ११," हा त्याचा ठरलेला विनोद.

पुढे म्हणजे काय, फोर्टात एका ओळखीच्या माणसाच्या झेरॉक्सच्या दुकानात लागला, मग विमा एजंट. लग्न ४३ व्या वर्षी. १९८६ च्या पावसाळ्यात रजनीश देशोदेशी फिरून मुंबईत आले, जुहूला उतरले. हा पांढरा शर्ट घालून फाटकापर्यंत गेला, अर्धा तास उभा राहिला आणि चौपाटीवर भेळ खाऊन परत आला. आत का गेला नाहीस विचारलं तर म्हणाला, "आत गेलो असतो तर राहिलो असतो."

माळ बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. डबा शिवणकामाच्या सामानात. चाळीत त्याला अजून 'स्वामी' म्हणतात आणि अजून तो सकाळी ध्यान करतो, गुडघ्यांमुळे उड्या सोडून. त्याचं गुरूवर प्रेम आहे आणि संस्थेवर राग आहे, दोन्ही एकाच वेळी. मी पूर्वी त्याच्याशी वाद घालायचो, आता घालत नाही.

खारेशेंगदाणे | दु. २:५८

उड्या नाहीत म्हणजे खालच्यांचं दूध नासत असणार.

पाऊसपाणी | दु. ३:३१

अशा लोकांत विनोद खन्नाचं नाव निघतंच, म्हणून लिहितो. तोही ओरेगनला होता, तिथे बागकाम करायचा, परत आला आणि १९८७ पासून पुन्हा हिरो. पुढे खासदार, मंत्री. आपल्याकडे हे उदाहरण देऊन सांगतात, "बघ, सोडून आला तरी काही बिघडलं नाही." अहो, त्याच्यासाठी निर्माते थांबले होते. आपल्यासाठी कोण थांबतं?

मी एका तिसऱ्याच पंथात वाढलो, म्हणजे जन्मलोच तिथे. आईवडील दोघेही पूर्णवेळ. २६ व्या वर्षी बाहेर पडलो तेव्हा मला येत नसलेल्या गोष्टी सांगतो. वाढदिवस कसा साजरा करतात. ऑफिसात कुणी "वीकेंडला काय केलंस" विचारलं तर काय सांगायचं. हॉटेलात मेनू बघून ठरवायचं कसं, कारण तोवर ताटात येईल ते प्रसाद म्हणून खाल्लेलं. घाटकोपरच्या एका उडप्याकडे मी पहिल्यांदा एकटा गेलो आणि वेटर तिसऱ्यांदा आला तेव्हा घाबरून "तुम्हीच सांगा" म्हणालो. त्याने पुरीभाजी आणली. पुढची दोन वर्षं मी तिथे पुरीभाजीच खाल्ली.

लोकांना वाटतं, बाहेर पडलं की माणूस मोकळा होतो. मला पहिलं वर्षभर रोज रात्री वाटायचं, मी पाप केलंय आणि उद्या लोकलखाली जाणार. असंच शिकवलं होतं, सोडून गेलेल्यांच्या अपघातांच्या गोष्टी पाठ होत्या आम्हाला. फलाटावर मी भिंतीला पाठ टेकून उभा राहायचो. अजूनही राहतो, सवयीने.

फोटोंबद्दल सांगतो. मी काहीच आणलं नाही, चड्डी-बनियनवर निघालो म्हणा ना. पण एक आरती आहे, अंघोळ करताना तोंडात येते. ती कुठल्या भंगारात देऊ?

मालवणी_काकू | दु. ३:४०

बाळा, म्हण की आरती. चाल चांगली असेल तर म्हणावी.

धोबीतलाव | सं. ४:४५

हे जिन्याने जाणं, घरचं पाणी न घेणं मुंबईला नवीन नाही. १८६० चं ऐका. करसनदास मुळजी, वैष्णव कपोळ वाणी, 'सत्यप्रकाश' नावाचं गुजराती पत्र चालवायचे. तरुणपणी विधवाविवाहावर निबंध लिहिला म्हणून नात्यातल्या ज्या बाईंकडे वाढले त्यांनी घराबाहेर काढलेलं. २१ ऑक्टोबर १८६० ला त्यांनी आपल्याच संप्रदायाच्या महाराजांच्या चालचलणुकीवर लेख छापला. जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला.

गंमत मुख्य सुनावणीच्या आधीची. भाटिया ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी ठराव केला, की महाराजांच्या विरुद्ध जो साक्ष देईल तो जातीबाहेर. त्यावर वेगळा खटला झाला आणि ठराव करणाऱ्यांनाच दंड झाला. मुख्य खटल्यात आपले डॉ. भाऊ दाजी लाड पिंजऱ्यात उभे राहिले आणि महाराजांच्या गुप्तरोगाबद्दल डॉक्टर म्हणून साक्ष दिली. आजही सोपं नाही हो ते. २२ एप्रिल १८६२ ला निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. पुढच्याच वर्षी ते विलायतेला गेले आणि समुद्र ओलांडला म्हणून जातीने त्यांना टाकलंच. कोर्टात जिंकले, वाडीत हरले.

दादरचा_कबुतर | सं. ४:५२

फक्त हिंदूंचेच महाराज सापडतात वाटतं तुम्हाला.

अर्धीफाईल | सं. ५:३०

कबुतर, भेंडीबाजार तुमच्या दादरहून फार लांब नाही. बोहरा समाजातल्या बहिष्काराचा वाद मी जन्मायच्या आधीपासून कोर्टात आहे. १९४९ मध्ये मुंबई राज्याने बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. बोहरांचे धर्मगुरू सैय्यदनासाहेब सुप्रीम कोर्टात गेले आणि १९६२ मध्ये ४ विरुद्ध १ ने कायदा रद्द झाला. १९८६ मध्ये सुधारणावाद्यांनी फेरविचारासाठी अर्ज केला, तो २०२३ मध्ये ९ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे पाठवायचं ठरलं. अर्ज करणाऱ्यांच्या पुढच्या पिढीचेही केस पिकले. त्या चळवळीतले असगर अली इंजिनिअर सांताक्रूझला राहायचे, २००० मध्ये त्यांच्या घरावर हल्ला झाला होता.

नीरगाठ, तुमच्या कामाचं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायती डोळ्यांसमोर ठेवून केला असला तरी शब्दरचना तेवढ्यापुरती नाही. सूचना कुणी, कधी, कुणासमोर केली ते तारखेसकट लिहून ठेवा. ग्रुपमधून काढल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पैसे दिले असतील तर पावत्या.

नीरगाठ | रा. ८:१५

अर्धीफाईल, आभार. तारखा आहेत माझ्याकडे, हिशोबनीस ना मी. पण तक्रार केली तर पोलीस पहिल्यांदा त्या गुडघेदुखीवालीच्या दारात जातील. ती घाबरट आहे, बाकी काही नाही.

एक गोष्ट लपवली होती, आता सांगते. फोटो आईचा आहे. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे असते, ७१ ची आहे, आणि ती अजून जाते सत्संगाला. सूचना झाली तेव्हा ती माझ्या शेजारीच बसली होती. परत येताना रिक्षात काही बोलली नाही. घरी आल्यावर माझ्याकडे पाणी मागितलं, माझ्यादेखत तांब्याभर प्यायली आणि झोपली. दर गुरुवारी अजून आरतीला जाते आणि येऊन माझ्या हातचं जेवते. तिला कुणी काही म्हणत नाही, वय बघून.

म्हणून माळ्यावर टाकता येत नाही.

साबुदाणा | रा. ८:२१

तांब्याभर पाणी. आई भारी आहेत.

चाफेकळी | रा. ८:४०

दुपारचं माझं जरा तिखट झालं. आमच्याकडेही एका कुटुंबाबद्दल अशीच सूचना झाली होती तीन वर्षांपूर्वी. मी तेव्हा खाली मान घालून चपला शोधत होते. मला वाटतं त्यांचा नंबर अजून आहे माझ्याकडे.

त्रिकोणी_लाडू | रा. ९:०५

मग लगदा नको. माझा प्रतिसाद मागे.

मालवणी_काकू | रा. ९:१२

नीरगाठ, आईंना विचारलंस का फोटोचं? की आम्हालाच विचारलंस आधी?

नीरगाठ | बुधवार, रा. १०:३०

काकू, आम्हालाच म्हणजे तुम्हालाच आधी. काल विचारलं आईला. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "माझ्या कपाटाच्या दारावर आतून लाव. मी कपाट उघडीन तेव्हा मला दिसेल, तुम्ही टीव्ही बघा." दोन बाय तीन कपाटाच्या दारावर मावेना, म्हणून आज फ्रेमवाल्याकडे नेऊन कापून घेतला, फक्त चेहरा आणि आशीर्वादाचा हात. हाताची दोन बोटं कापली गेली, आई म्हणाली चालेल.

भिंतीवर आता एक चौकोन राहिलाय. आजूबाजूचा रंग धुरकट, मधला लख्ख पिस्ता, २००९ मध्ये लावला होता तसा. कालनिर्णय लावून बघितलं, पुरत नाही. चिमण्या नव्हत्या काकू, एका पालीची अंड्याची टरफलं निघाली.

खारेशेंगदाणे | रा. १०:४१

ते सगळं ठीक. मांजराच्या नारळाचं काय झालं? मी चार दिवस झोपलो नाहीये.

नीरगाठ | रा. १०:५५

आहे ना. लेकीने फोडू दिला नाही. तिच्या कंपासपेटीशेजारी असतो, मिशा पुसट झाल्यात. आतलं पाणी आटून त्याचा गोटा झालाय, हलवला की खुळखुळतो. आई म्हणते खोबरं फुकट घालवू नका, तेल निघेल.